गाडीची काच दारात बसते

मंडळी, आपले उमरगा हमरस्त्यावरचे गाव आहे. सोलापूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. आज त्याला ६५ नंबर आहे, पूर्वी ९ नंबर होता. या रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांच्या मागून आपले पिकअपवाले धावतात. कोणाच्या गाडीत सोयाबीन असते, कोणाच्या भाजीपाला, तर कोणाच्या शेळ्या.

पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून एक खडा उडतो. टक्क असा आवाज होतो आणि समोरच्या काचेवर चांदणी उमटते. मालक म्हणतो, "एवढ्यानं काय होतंय? चालू द्या." चार दिवसांनी त्या चांदणीला शेपूट फुटते. आठवड्यात तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

आता काय करायचं? सोलापूर इथून सुमारे १०० किलोमीटर. जायचे डिझेल, यायचे डिझेल आणि दिवसाचे भाडे बुडाले. शिवाय तडकलेली काच घेऊनच एवढा रस्ता तोडायचा. म्हणून आता काही काचवाले काच, गोंद आणि अवजारे आपल्या गाडीत घालून गिऱ्हाइकाच्या दारात येतात. ही सोय चांगली आहे. पण ती कशी चालते हे मालकाला माहीत हवे. नाहीतर पैसे जातात, आणि कधी जिवावरही बेततं. आज आपण तेच शिकू या.

१. काच कशाची होते?

काच वाळूपासून होते. पांढरी, स्वच्छ वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून भट्टीत घालतात. सुमारे १५०० अंश उष्णतेला त्याचा मधासारखा रस होतो. तो निवला की काच.

हा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून लोकांकडून एक एक पैसा गोळा केला. त्याला पैसा फंड म्हणत. त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात जळत असे.

२. काचेच्या दोन जाती

गाडीला खिडकीची साधी काच चालत नाही. साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. म्हणून गाडीत दोन वेगळ्या जातीच्या काचा असतात.

पहिली जात दोन पदरी काच. समोरची काच या जातीची. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक पडदा घालून तिन्ही थर एकजीव करतात. भाकरीच्या दोन पापुद्र्यांत साय भरावी तसे. दगड लागला तर काच तडकते, पण पडद्याला चिकटून राहते. तोंडावर येत नाही. ही युक्ती एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सुचली. १९०३ साली त्यांच्या हातून काचेचा चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या द्रवाचा पातळ थर होता. १९०९ साली त्यांनी या काचेचे पेटंट घेतले.

दुसरी जात कडक काच. दाराच्या काचा बहुधा या जातीच्या. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड वाऱ्याचा झोत सोडून झटकन निववतात. त्यामुळे ती फार बळकट होते. पण फुटली की सगळी एकदम फुटते, खडीसाखरेसारखे बारीक खडे होतात. ते सुरीसारखे कापत नाहीत.

समोरची काच दोन पदरीच हवी, असे मोटार वाहन नियम सांगतात. १९८९ च्या नियमांप्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

३. सांधायची की बदलायची?

प्रत्येक तड्याला नवी काच लागत नाही. चांदणी लहान नाण्याएवढी असेल, फक्त बाहेरच्या पदराला असेल, काठापासून दूर असेल आणि चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर ती सांधता येते. कारागीर त्या भोकात पातळ राळ भरतो आणि विशेष दिव्याच्या प्रकाशात ती घट्ट करतो. डाग थोडा राहतो, पण तडा पुढे सरकत नाही. याचा खर्च नव्या काचेपेक्षा पुष्कळ कमी येतो.

तडा काठाला पोचला, आतल्या पदरातही गेला, किंवा चालकाच्या डोळ्यांसमोर आला, तर काच बदलावी. कडक काच मात्र कधीच सांधता येत नाही.

खडा लागला त्याच दिवशी चांदणीवर स्वच्छ चिकटपट्टी लावा. म्हणजे आत धूळ आणि पाणी जाणार नाही. आणि एक चूक करू नका. चैत्र-वैशाखात उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतू नका. बाहेरचा पदर एकदम आक्रसतो आणि तडा धावत सुटतो.

४. बोलावण्याआधी

काचवाल्याला फोन करताना गाडीचे आर.सी. पुस्तक हातात घ्या. गाडीचे नाव, मॉडेल, तयार झाल्याचा महिना व साल आणि चासी नंबर वाचून सांगा. नावात फरक असला की काचेच्या मापातही फरक असतो. चुकीची काच आली तर दोघांचीही खेप वाया जाते.

मग दर विचारा. काच किती? गोंद किंवा रबर किती? मजुरी किती? येण्याजाण्याचे किती? पक्के बिल मिळेल का? पाणी गळाले तर परत येऊन दुरुस्त करून द्याल का? ही उत्तरे कागदावर लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा उपयोग इथे करायचा.

जागाही तयार ठेवा. सपाट जमीन, वर पत्रा किंवा मांडव आणि चहूबाजूंनी हात फिरवायला मोकळी जागा. आपल्या काळ्या मातीची धूळ उडत असेल तर आधी सडा टाका. पावसात उघड्यावर हे काम करू देऊ नका. ओल्या पत्र्याला गोंद धरत नाही.

५. काच कशी बसवतात?

जुन्या घडणीच्या पुष्कळ गाड्यांत काच रबराच्या पट्टीत बसते. कारागीर रबराच्या खाचेत सुतळीसारखी दोरी घालतो आणि साबणाचे पाणी लावतो. एक जण बाहेरून काच दाबतो, दुसरा आतून दोरी ओढत जातो. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो.

नव्या घडणीत काच गोंदाने चिकटवतात. हा गोंद काळा आणि जाड असतो. कारागीर त्याला सीलंट किंवा पीयू म्हणतात. या कामाच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी. आतल्या बाजूला कापड अंथरतात, वायपर काढतात आणि जुना गोंद तारेने किंवा पात्याने कापून काच सोडवतात.

दुसरी पायरी. पत्र्यावर जुन्या गोंदाचा अगदी पातळ थर ठेवून बाकीचा छाटतात. नवा गोंद त्याला चांगला धरतो. पत्र्याला ओरखडा पडला असेल तर त्यावर प्रायमर लावतात. गंज असेल तर तो खरवडून काढलाच पाहिजे. गंजावर लावलेला गोंद भिंतीच्या पोपड्यासारखा गंजासकट सुटतो.

तिसरी पायरी. नवी काच कोरडीच लावून माप पाहतात. मग तिचा काठ पुसून प्रायमर लावतात आणि वाळू देतात. पुसलेल्या जागी बोटही लावायचे नाही. हाताचे तेल लागले की पकड जाते. काचेच्या काठाला काळा पट्टा असतो, तो शोभेसाठी नाही. उन्हाने गोंद कुजू नये म्हणून तो असतो.

चौथी पायरी. गोंदाची सलग धार सोडतात. मध्ये कुठे तुटली की तिथून पाणी आत आलेच म्हणून समजा. मग दोघे जण रबरी वाट्यांच्या मुठींनी काच उचलून एकदाच नेमकी बसवतात. वरून चिकटपट्ट्या लावतात.

काम चालू असताना मालकाने दोन गोष्टी वाचाव्यात. एक, काचेच्या कोपऱ्यातली बारीक खूण. तिथे आय.एस.आय. शिक्का आणि २५५३ हा मानकाचा आकडा शोधा. आकडे इंग्रजी असतात, पण ते आपल्याला ओळखता येतात. दुसरी, गोंदाच्या नळकांड्यावरची मुदतीची तारीख. मुदत संपलेला गोंद लावू देऊ नका. यात कोणाचा अपमान नाही. चांगला कारागीर स्वतःच दाखवतो.

६. छताची काच

काही मोटारींना आणि जीपगाड्यांना छतातही काच असते. तिला सनरूफ म्हणतात. आपल्या मालवाहू पिकअपला बहुधा ती नसते, पण घरात दुसरी गाडी असली तर माहिती असावी.

ही काच पुष्कळदा कडक जातीची असते. फुटली की सांधता येत नाही, नवीच लागते. सरकणारी काच गोंदाने नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी चौकटीला धरलेली असते. कारागीर आधी खाचेतले सगळे काचखडे ओढून काढतो. एक खडा राहिला तरी रूळ अडतो. मग नवी काच बसवून ती छताच्या बरोबर सपाटीत आणतो. वर राहिली तर वारा शिट्टी घालतो, खाली राहिली तर पाणी साचते.

या चौकटीत थोडे पाणी येतेच. ते कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जाते. नळ्या मातीने बुजल्या की पाणी डोक्यावर ठिबकते आणि लोक काचेला दोष देतात. म्हणून शेवटी तांब्याभर पाणी चौकटीत हळू ओतून ते चाकांजवळ खाली पडते का ते पाहा.

७. गाडीला दम धरू द्या

काच बसली, बिल झाले. आता मालकाची घाई सुरू होते.

"निघू का दादा? बाजार गाठायचाय."

"मालक, अजून थांबा. गोंद ओला हाय."

"दिसतीय की घट्ट!"

"दिसायला घट्ट हाय. दणका बसला तर सुटंल."

इथे कारागिराचे ऐकावे. काच फक्त वारा अडवत नाही. चिकटवलेली काच छताला आधार देते. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून तिचा उपयोग होतो. टक्कर झाली तर ती माणसाला बाहेर फेकू देत नाही. काही गाड्यांत टकरीच्या वेळी हवेची पिशवी फुगते. ती पिशवीही या काचेला टेकून उभी राहते. गोंद ओला असेल तर यातले काहीच होत नाही.

किती थांबायचे? ते गोंदाच्या नळकांड्यावर लिहिलेले असते. काहींना तासभर पुरतो, काहींना पुष्कळ तास लागतात. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. म्हणून फार थंडीत किंवा फार कोरड्या हवेत जास्त वेळ लागतो. पहिला दिवस दाराची काच बोटभर उघडी ठेवा, दार जोरात आपटू नका. आपटले की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. दोन दिवस जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नका.

८. विम्याचा हिशेब

फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा असेल तर आपल्या काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर मिळू शकतात. इतर काही भागांवर घसारा कापतात, काचेवर सहसा कापत नाहीत. मात्र ठराविक रक्कम मालकाने सोसायची असते. जुनी काच काढण्याआधीच कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. काच काढल्यावर कळवले तर दावा अडतो.

पण दावा केला की पुढच्या वर्षीची सूट जाते. पहिले वर्ष दाव्याविना गेले तर हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात २० टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून आधी हिशेब करा. खालचे आकडे फक्त शिकण्यासाठी घेतले आहेत.

काचेचा खर्च ६,००० रुपये, मालकाने सोसायचे १,००० रुपये. कंपनीकडून ५,००० मिळाले. हप्त्याचा तो भाग ८,००० रुपये, त्यावर २० टक्के सूट म्हणजे १,६०० रुपये. ती गेली. ५,००० वजा १,६०० म्हणजे ३,४०० रुपये फायदा. दावा करावा.

आता खर्च फक्त २,००० रुपये धरा. कंपनीकडून १,००० मिळतील आणि १,६०० जातील. ६०० रुपये तोटा. असा दावा करू नये. सूट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून पुढच्या वर्षांचाही विचार करावा.

मंडळी, आर.सी. पुस्तक, काचेवरचा आकडा, गोंदाची तारीख, बिल आणि विम्याचा कागद, या पाच ठिकाणी अक्षर आपल्या कामी येते. आम्हाला वाटते, वाचून केलेला व्यवहार हाच खरा व्यवहार.

कठीण शब्द

प्रायमर – गोंदाची पकड वाढावी म्हणून आधी लावायचे द्रव्य
राळ – भोक भरून घट्ट होणारा पातळ चिकट पदार्थ
घसारा – वस्तू वापरून तिची कमी झालेली किंमत
मानक – वस्तू कशी असावी याचा सरकारने ठरवलेला नियम

प्रश्न

१. समोरची काच फुटली तरी तोंडावर का येत नाही?
२. कोणती चांदणी सांधता येते?
३. गंजावर गोंद का लावू नये?
४. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवरची खूण वाचा आणि वहीत उतरवा.
५. हिशेब करा : काचेचा खर्च ४,५०० रुपये, मालकाने सोसायचे १,००० रुपये, जाणारी सूट २,००० रुपये. दावा केल्यास फायदा किती?