विहिरीवरील विजेचा हिशेब : दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील मोरगाव हे मयूरेश्वराचे क्षेत्र म्हणून सर्वांस परिचित आहे. कऱ्हा नदीच्या काठी वसलेला हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील बागायत विहिरीच्या पाण्यावर, आणि विहिरीचे पाणी विजेच्या पंपावर अवलंबून असते. ऐन चैत्रात मोटार जळाली, तर ती पुन्हा गुंडाळून येईपर्यंत उभे पीक डोळ्यांदेखत वाळते. अशा नुकसानीस पुष्कळदा मोटारीचा दोष कारणीभूत नसून विजेच्या हिशेबाकडे झालेले दुर्लक्ष कारणीभूत असते. हा हिशेब गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणासही करता येण्यासारखा आहे.

चार राशी

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. पाण्याच्या उपमेने सांगावयाचे तर, टाकी जितकी उंच तितका पाण्याचा दाब अधिक. नळातून वाहते ते पाणी म्हणजे प्रवाह. आणि नळ अरुंद व लांब असल्याने होणारा अडथळा म्हणजे रोध. या तिहींचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केला. तो असा :

रोध = दाब ÷ प्रवाह
शक्ती = दाब × प्रवाह

एक हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट. एक किलोवॅट शक्ती एक तास वापरली म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट होत.

सोपे उदाहरण

पाणी तापविण्याची एक विजेची शेगडी २३० व्होल्ट दाबावर ४.३५ अँपिअर प्रवाह घेते, असे समजा. तिचा रोध २३० ÷ ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम झाला. शक्ती २३० × ४.३५, म्हणजे सुमारे १,००० वॅट झाली. आता दाब उतरून १८० व्होल्ट झाला, तर प्रवाह १८० ÷ ५३, म्हणजे ३.४ अँपिअर होईल आणि शक्ती अवघी ६१२ वॅट उरेल. दाब २२ टक्क्यांनी घटला, पण शक्ती सुमारे ३९ टक्क्यांनी घटली. शेगडीचे यात नुकसान नाही; पाणी उशिरा तापेल इतकेच.

मोटारीचे वर्तन निराळे

मोटारीस मात्र हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. फिरत्या मोटारीत बाहेरील दाबास विरोध करणारा दाब आतच निर्माण होतो. म्हणून दाबास प्रवाहाने भागून येणारा आकडा हा तिच्या गुंडाळीचा रोध नव्हे. शिवाय तीन फेजच्या मोटारीचा हिशेब पुढीलप्रमाणे करावा लागतो :

शक्ती = १.७३ × दाब × प्रवाह × शक्तिगुणक

पाच अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर प्रवाह घेत असून शक्तिगुणक ०.८२ आहे असे धरू. गुणाकार केल्यास सुमारे ४,४०० वॅट येतात. त्यांपैकी ३,७३० वॅट, म्हणजे पाच अश्वशक्ती, पंपास मिळतात. उरलेली शक्ती मुख्यतः उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

आता दाब ३४० व्होल्टपर्यंत उतरला. पाणी उचलण्याचे काम तेवढेच असल्याने मोटार तेवढीच शक्ती ओढू पाहते आणि प्रवाह वाढून सुमारे ९.२ अँपिअर होतो. गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून प्रवाह सव्वापटीच्या आतच वाढला, तरी उष्णता जवळजवळ दीडपट होते. कमी दाबाने शेगडी थंड पडते, मोटार मात्र तापून जळते, याचे कारण हेच होय.

तारेतील तूट

विहीर दूर असल्यास तारेचा रोधही विचारात घ्यावा लागतो. चार चौरस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. मीटरच्या पेटीपासून विहीर ३०० मीटर असल्यास प्रत्येक तारेचा रोध २.२ ओहम होतो. तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने काढतात. तीन तारांचा हिशेब असा :

३ × ७.५ × ७.५ × २.२ = सुमारे ३७० वॅट

पंप आठ तास चालल्यास रोज सुमारे तीन युनिट वीज केवळ तारा तापविण्यात जाते, आणि मोटारीपाशी दाब सुमारे २४ व्होल्टांनी कमी मिळतो. दहा चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही तूट निम्म्याहूनही कमी होते. तारेचा खर्च एकदाच होतो, परंतु बारीक तारेचा तोटा दररोज सोसावा लागतो.

शेतकरी व ग्रामसेवक यांनी घ्यावयाची काळजी

१. मोटारीवरील पट्टीवर दिलेले दाब व प्रवाहाचे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

२. पंप चालू असताना पेटीवरील मापकांचे आकडे दिवसातून एकदा तरी पाहावेत. प्रवाह पट्टीवरील आकड्याहून अधिक राहत असल्यास पंप बंद करून कारण शोधावे.

३. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले पट्टीवरील प्रवाहानुसार जाणत्या तारतंत्र्याकडून बसवून घ्यावा. तो वारंवार सुटतो म्हणून बांधून ठेवू नये. तो सुटतो तेव्हा मोटार वाचवीत असतो.

४. पेटी उघडणे, तारा जोडणे व मापन करणे ही कामे परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावीत. ओल्या हाताने पेटीस स्पर्श करू नये. भूयोजन सुस्थितीत असल्याची खात्री पावसाळ्यापूर्वी व उन्हाळ्यात करून घ्यावी.

ग्रामसेवकांनी गावातील एखाद्या विहिरीवर शेतकऱ्यांस एकत्र बोलावून पट्टीवरील व मापकावरील आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवावेत. एकदा हा हिशेब हाती आला, म्हणजे मोटार धोक्यात असल्याचे ती जळण्यापूर्वीच शेतकऱ्याच्या ध्यानात येईल, आणि पिकाचे पाणी ऐन वेळी तुटणार नाही.