बगदादचा नाहूम आणि कोलकात्याची बेकरी



नाताळच्या आधीच्या आठवड्यात कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये एका जुन्या बेकरीसमोर केकसाठी लांब रांग लागते. रांगेत ख्रिश्चन, हिंदू, मुसलमान सगळेच असतात. पाटीवर नाव आहे एका ज्यू माणसाचे : 'नाहूम अँड सन्स'. परमुलखातून आलेल्या एका साध्या पाववाल्याची ही गोष्ट सीमाभागात राहणाऱ्या आपण सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे.

ज्यू लोक आपल्याला परके नाहीत

ज्यू म्हणजे यहुदी. कोकणातील 'बेने इस्रायल' हे ज्यूच. पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांच्यानंतर बऱ्याच काळाने, एकोणिसाव्या शतकात, बगदादकडून अरबी बोलणारे ज्यू व्यापारी भारतात आले. मुंबईचे डेव्हिड ससून हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. पुण्याचे ससून रुग्णालय आणि 'लाल देऊळ' म्हणून ओळखले जाणारे ज्यू प्रार्थनामंदिर ही त्यांच्याच दातृत्वाची खूण आहे. यांतील काही कुटुंबे पुढे कोलकात्याला स्थायिक झाली. तेथे ज्यूंची वस्ती १७९८ मध्ये सीरियातील अलेप्पोहून आलेल्या शालोम कोहेन यांच्यापासून सुरू झाली होती.

दारोदार फिरून सुरुवात

नाहूम इस्रायल मोर्देकाय हे याच बगदादी ज्यूंपैकी एक. ससूनांसारखी गडगंज संपत्ती त्यांच्याजवळ नव्हती, हाती फक्त भट्टीचे कसब होते. १९०२ मध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला, तो घरोघरी माल पोचवून. १९१६ मध्ये न्यू मार्केटमध्ये त्यांचे दुकान थाटले गेले. हे मार्केट १८७४ पासूनचे, शहरातील सर्व थरांतील लोकांची तेथे ये-जा. त्यामुळे गिऱ्हाईक एका जातीधर्माचे राहिले नाही.

ज्यू समाजाला स्वतःच्या बेकरीची गरज का भासे? त्यांच्या धर्मात खाण्यापिण्याचे नियम कडक आहेत. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, डुकराची चरबी वर्ज्य. म्हणून पाव कोणी भाजला, त्यात काय घातले, याची खात्री लागे. शुक्रवारी सूर्यास्तापासून त्यांचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो. त्या संध्याकाळच्या जेवणात वेणीसारखा गुंफलेला 'हल्ला' नावाचा पाव असतो. उलट 'पेसाह' या सणात आंबवलेले काहीच खायचे नाही, कारण पूर्वज मिसर देशातून घाईने निघाले तेव्हा कणीक फुगायलाही वेळ मिळाला नव्हता, अशी परंपरा आहे.

विज्ञानाच्या तासाला हे आठवा : कणकेतील यीस्ट साखरेवर वाढते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. गव्हातील चिवट ग्लुटेन तो वायू कोंडून धरते, म्हणून पाव फुगतो. आपले इडलीचे पीठ रात्रीत वर येते, तेही याच जातीच्या क्रियेमुळे.

नाहूमच्या दुकानात आपल्या लोकांच्या चवीचे चीजचे 'सांबुसाक' आणि बकलावा तर होतेच, पण त्यासोबत नाताळचा फ्रूट केक, लिंबाचे टार्ट, पॅटिस असे सर्वांना आवडणारे पदार्थही ठेवले गेले. आपला नियम सोडायचा नाही आणि शेजाऱ्याची आवड ओळखायची, हा या धंद्याचा पाया ठरला.

समाज गेला, बेकरी राहिली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात सुमारे चार-पाच हजार ज्यू होते. ब्रह्मदेशातून आलेले निर्वासितही त्यांत होते. पुढे १९४७ ची फाळणी व स्वातंत्र्य, १९४८ ची इस्रायलची स्थापना आणि बदलता व्यापार यांमुळे बहुतेक कुटुंबे इस्रायल, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे निघून गेली. आज तेथे बोटांवर मोजण्याइतके ज्यू उरले आहेत. नाहूम यांचे नातू डेव्हिड अनेक वर्षे गल्ल्यावर बसत. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सूत्रे त्यांचे बंधू आयझॅक यांच्याकडे आली. भट्टीवर व विक्रीला असणारे हात मात्र हिंदू-मुसलमान कामगारांचे.

तेथील १८८४ च्या मागेन डेव्हिड प्रार्थनामंदिराची देखभाल मुस्लिम सेवकांनी निष्ठेने केली. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या 'ज्युईश गर्ल्स स्कूल'मध्ये आज ज्यू मुली नाहीत, बहुसंख्य विद्यार्थिनी मुस्लिम आहेत. तरी शाळा चालू आहे.

आपण काय घ्यावे?

विश्वस्त मंडळी व पालकांसमोर पटसंख्येचा प्रश्न नेहमीच येतो. आपली मुले कमी झाली तर संस्थेचे काय? नाहूमची बेकरी व ती शाळा सांगते की काम चोख असेल, दार सर्वांना उघडे असेल, तर शेजारी आपली संस्था आपलीच मानून जपतात. ही दिलासा देणारी बाजू झाली.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोलकात्याच्या बगदादी घरांतून अरबी दोन-तीन पिढ्यांत मागे पडली आणि इंग्रजी आली. त्या भाषेला शेजाऱ्यांचा हात मिळू शकला नाही. याउलट इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल मंडळींनी तेथेही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. केकची कृती कामगाराला शिकवता येते, देवळाची किल्ली शेजाऱ्याकडे देता येते. भाषा मात्र ज्याच्या त्याच्या घरातच टिकते. बाजारात कन्नड, परीक्षेला इंग्रजी, प्रवासात हिंदी, हे सारे मुलांना यायलाच हवे. पण रात्रीच्या जेवणाच्या ताटावर आई-वडील मुलांशी मराठीत बोलत नसतील, तर एकटी शाळा काय करील?

स्वाध्याय

१. नकाशात बगदाद, अलेप्पो, मुंबई व कोलकाता शोधा आणि समुद्रमार्ग रेखाटा.
२. पेसाह सणात आंबवलेला पाव का खात नाहीत?
३. बाहेरगावाहून येऊन तुमच्या गल्लीत व्यवसाय करणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. त्यांची घरची भाषा कोणती, ती मुलांना येते का, हे विचारून दहा ओळी लिहा.
४. तुमच्या आजी-आजोबांकडील पाच असे मराठी शब्द लिहून आणा, जे तुम्ही स्वतः कधी वापरत नाही.