रिकामा फोल्डर आणि तारांकित नाव

चि. ओंकार,

तुझी स्क्रिप्ट नीट वाचली. रोज रात्री लॉग फाइली जीझिप करून ठेवायच्या, एवढंच तिचं काम. पण एखाद्या रात्री फोल्डरमध्ये लॉगच नसेल तर काय, हे तिनं कुठंच विचारलेलं नाही.

*.लॉग असं लिहिलं की शेल जुळणारी नावं शोधून त्या जागी घालतो. एकही जुळलं नाही, तर बॅश तो नमुना जसाच्या तसा पुढे पाठवतो. ही रीत १९७९च्या बॉर्न शेलपासूनची. त्याआधी युनिक्समध्ये हे काम ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्राम करायचा आणि काही जुळलं नाही तर तसं सांगून थांबायचा. सी शेल आणि झेडशेल आजही थांबतात, आणि तेच शहाणपणाचं आहे.

आता तुझी लूप बघ. फोल्डर रिकामा असला तरी ती एकदा फिरते आणि व्हेरिएबलमध्ये येतं ‘*.लॉग’. अशी फाइल नाही म्हणून जीझिप तक्रार करतो. पण तू > नं वळवलेली आउटपुटची फाइल शेलनं त्याआधीच उघडलेली असते. मागे उरते ‘*.लॉग.जीझेड’ नावाची रिकामी फाइल. ती पुसायला कुणी अवतरणचिन्हं न घालता आरएम चालवला, तर त्या फोल्डरमधल्या साऱ्या खऱ्या जीझेड लॉग फाइली तिच्याबरोबर जातात!

फाइल आहे का हे बघायला इफमध्ये नुसतं [ -ई *.लॉग ] लिहूनही भागत नाही. शून्य किंवा एक फाइल असेल तर उत्तर बरोबर येतं. दोन झाल्या की कमांड एररनं पडते आणि इफ ते ‘नाही’ असंच धरतो. दुहेरी कंसात तर तारा उलगडतच नाही.

बॅशचा नलग्लॉब हा पर्याय चालू केलास तर न जुळणारा नमुना गायब होतो. मग मागे उरतं फक्त [ -ई ], आणि शेलच्या नियमानं ते खरं ठरतं. एलएस *.लॉगचं नुसतं एलएस होऊन अख्खा फोल्डर छापला जातो. म्हणून नलग्लॉब लूपपुरताच ठेवावा.

तुझ्या स्क्रिप्टला एक ओळ पुरेल. लूप सुरू होताच [ -ई "$फाइल" ] || कंटिन्यू असं लिही. ते कुठल्याही पॉझिक्स शेलमध्ये चालतं. फक्त हो-नाही हवं असेल तर बॅशमध्ये कॉम्पजेन -जी (कॅपिटल जी) आहे, नमुना मात्र अवतरणात दे. उबुंटूत २००६पासून एसएच म्हणजे डॅश, तिथं कॉम्पजेन मिळणार नाही. आणि तुटलेल्या सिमलिंकला -ई ‘नाही’ म्हणतो. तीही मोजायची असेल तर -एल (कॅपिटल एल) जोड.

दुरुस्ती झाली की वेगळ्या फोल्डरमध्ये आधी एकही लॉग न ठेवता, मग एक, मग दोन ठेवून स्क्रिप्ट चालव. त्यातल्या एकीच्या नावात स्पेस असू दे. तिन्ही वेळचं आउटपुट मला पाठव.

तुझा,
मामा