सांभाळणाऱ्या हातांचा हिशेब

हरिहरेश्वर म्हटले म्हणजे आपणांस देवळे, प्रदक्षिणेची वाट आणि खाली आदळणारा समुद्र आठवतो. मी तिथलीच, मला प्रथम आठवते ती आमची पडवी आणि खाटेवरची माझी आत्या. जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताने तिचे हातपाय आखडलेले. घास भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सारे दुसऱ्याने करावयाचे. चाळीस वर्षे ते आजीने केले. दोन वर्षांपूर्वी आजीचे गुडघे थकले आणि शेजारच्या वाडीतील एक मावशी सकाळ-संध्याकाळ येऊ लागल्या. त्यांना आम्ही महिना चार हजार रुपये देतो. समाजशास्त्राच्या तासाला ‘कल्याणकारी राज्य’ हा विषय निघाला, तेव्हा मनात आले, या चार हजारांत शासनाचा वाटा किती?

प्रथम कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. मोबदला घेऊन वा न घेता सांभाळणारी कोणीही व्यक्ती, मग ते आईवडील का असेनात, काळजीवाहकच. म्हणजे कायद्याच्या लेखी आजी आणि मावशी एकाच पंक्तीत बसतात. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही कलम २४ मध्ये आहे. मात्र त्याच कलमाच्या आरंभी शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेची’ मर्यादा घातली आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली असा भत्ता ठरला, तो महिना ६०० रुपये.

आपल्या राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांसाठी तिची रक्कम २०२५ साली महिना २,५०० रुपये झाली. ही वाढ स्वागतार्हच. परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. आता मावशींचा पगार वर्षाला ४८,००० होतो. तो दिल्यावर उरलेल्या दोन हजारांत ज्या घराने वर्ष काढावे, त्याच घराला अनुदान! तात्पर्य, अनुदानास पात्र ठरणाऱ्या घराला मदतनीस परवडत नाही, आणि ज्याला ती कशीबशी परवडते ते घर अपात्र ठरते. आमची सुपारीची बाग लहान, तरी उत्पन्नाच्या दाखल्यावर आम्ही सधनच.

दुसरी सवलत १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-डीडीची. अवलंबून असलेल्या दिव्यांग आप्तासाठी ७५,००० रुपये, तीव्र अपंगत्वास १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा करण्याची तीत तरतूद होती. पण ज्याला करच भरावा लागत नाही, त्याला या वजावटीचा काय उपयोग? मधले घर दोन्हीकडून सुटते.

सिंगापूरने निराळी वाट धरली. तेथे २०१२ पासून, दैनंदिन कामांपैकी किमान तीन कामांत ज्यांना मदत लागते, अशांच्या पात्र कुटुंबांना घरकामगार ठेवण्यासाठी महिना १२० डॉलर मिळू लागले. २०१९ मध्ये त्याजागी २०० डॉलरचे गृहसेवा अनुदान आले आणि पुढे ते वाढलेही. तेथे गणना केली जाते ती आप्ताला लागणाऱ्या मदतीचीही. मात्र त्या घरकामगार स्त्रिया बहुधा इंडोनेशिया, फिलिपाईन्सकडून, आपली घरे मागे ठेवून आलेल्या असतात, हेही विसरता कामा नये.

म्हणून मावशींचाही विचार हवा. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला; १८ ते ६० वर्षांपर्यंतच्या कामगारांची नोंदणी त्यात आहे. मावशींनी ती केलेली नाही. आत्याला उचलून त्यांची कंबर धरते, त्या दिवसाचा रोज त्यांना कोण देणार? भत्ता आला तर तो कुटुंबाला दिलासा आणि मावशींना रीतसर वेतन, असा दोघांना पोहोचावा, असे मला वाटते.

असो. मावशी आल्या नसत्या, तर बारावीनंतर पडवीत मीच बसले असते. आई तसे बोललीही होती. माझे या महाविद्यालयातील शिक्षण त्या चार हजारांवर उभे आहे. ज्या घरांना तेवढेही जमत नाही, तेथील मुली आज आपल्या वर्गात नाहीत. आपल्या चर्चेत त्यांचीही आठवण असावी, एवढीच विनंती.