शंभर ग्रॅमचा हिशेब
(शालेय पोषण आहाराची मागणी कशी ठरते?)

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाटीवर लिहिली आहे. ती लिहीत असताना बाहेरून खिचडीच्या फोडणीचा वास येत असे, हेही खेड्यांतून आलेल्या बहुतेक विद्यार्थिमित्रांना आठवत असेल. खिचडी आपण आठ वर्षे खाल्ली. पण तिच्यातील तांदळाचा हिशेब कोण करते, कसा करते आणि तो चुकला तर काय होते, याचा विचार आपण क्वचितच केला असेल. अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर 'मागणी' आणि 'पुरवठा' हे शब्द लिहिले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाजार उभा राहिला नाही. आमच्या शाळेच्या कोपऱ्यातील तांदळाची पोती उभी राहिली. प्रस्तुत लेख त्या पोत्यांविषयी आहे.

हा विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. आमचे गाव परतूर तालुक्यात असून माझी आई गावच्या शाळेत स्वयंपाकी-मदतनीस म्हणून काम करते. त्यामुळे ही योजना मी ताटाच्या बाजूने पाहिली, तशी पळीच्या बाजूनेही पाहिली.

योजनेची वाटचाल

माझी आजी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगते. तेव्हा जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. दुष्काळी कामावर खडी फोडताना मिळालेली सुकडी आणि रेशनवर आलेली मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, यांची चव तिच्या जिभेवर अजून आहे. "दिलं ते खाल्लं, इचारलं कुणी न्हाई," असे ती म्हणते. सरकारी अन्नाशी आमच्या घराची पहिली ओळख ती अशी.

शाळेतून अन्न देण्याची कल्पना तशी जुनी आहे. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये आणि पुढे एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर राबविली. देशपातळीवरील योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी शिजविलेले अन्न मिळत नसे. ज्या विद्यार्थ्याची उपस्थिती ८० टक्के असेल त्याला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. तो तांदूळ घरातील सर्वांच्या पोटात जाई आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला थोडाच येई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळेत शिजविलेले अन्नच दिले पाहिजे. त्यानंतर आपल्या राज्यात खिचडी आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे भोजन मुलांचा हक्क ठरले आणि २०२१ पासून योजनेला 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे नाव मिळाले. गावात मात्र तिचे नाव आजही 'खिचडी' हेच आहे.

मागणीचे गणित

या योजनेचा पाया म्हणजे एक छोटे कोष्टक. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला हेच प्रमाण अनुक्रमे १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. यातून लहानांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि मोठ्यांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे.

तांदूळ केंद्र सरकार भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून विनामूल्य देते. शिजविण्याच्या खर्चाचा भार केंद्र आणि राज्य ६० व ४० टक्के असा उचलतात. राज्याने नेमलेला पुरवठादार तांदूळ आणि धान्यादी माल, म्हणजे मूगडाळ, तूरडाळ, मटकी, चवळी, वाटाणा, तेल, मीठ, हळद, जिरे, मोहरी वगैरे, शाळेच्या दारात आणून टाकतो. भाजीपाला व इंधन तेवढे गावात घ्यावयाचे असते.

किती माल आणावयाचा, हे शाळेच्या मागणीवरून ठरते. मुख्याध्यापक मागणीपत्र भरतात. ते केंद्रप्रमुखांकडून पंचायत समितीत जाते, तेथे तालुक्याची बेरीज होते आणि मग ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे पोहोचते. मागणीचे सूत्र चौथीच्या मुलालाही कळेल असे आहे: सरासरी उपस्थिती, गुणिले शाळेचे दिवस, गुणिले रोजचे प्रमाण, वजा शिल्लक साठा.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेत लहान गटाची सरासरी उपस्थिती ७० आणि मोठ्या गटाची ४० आहे व महिन्यात शाळेचे २४ दिवस आहेत. लहानांना १६८ किलो आणि मोठ्यांना १४४ किलो, मिळून ३१२ किलो तांदूळ लागेल. कोपऱ्यात ६२ किलो शिल्लक असेल तर मागणी २५० किलोंची, म्हणजे ५० किलोंची पाच पोती. याच पद्धतीने डाळ-कडधान्य ६२ किलो ४०० ग्रॅम आणि तेल १५ किलो ६०० ग्रॅम लागेल. याखेरीज काही साठा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, असे अपेक्षित असते.

माल आल्यावर पोते न पोते वजन करून घ्यावयाचे, साठा नोंदवहीत लिहावयाचे आणि मगच पावतीवर सही करावयाची. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावयाची. शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखावयाचे आणि चव नोंदवहीत शेरा लिहावयाचा. या गोष्टी कोणाला किचकट वाटतील. परंतु १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील भोजनानंतर २३ मुले दगावली. त्या अन्नात कीटकनाशक मिसळले गेले होते. साठा कोठे आणि कसा ठेवला आहे, हा प्रश्न जिवाशी निगडित आहे, तो असा.

येथे परदेशाशी थोडी तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने शालेय भोजनाला आधार मिळाला. तेथील शाळांना आदल्या वर्षी दिलेल्या भोजनांच्या संख्येवरून ठरावीक रकमेचा हक्क मिळतो आणि त्या रकमेत कोणते पदार्थ घ्यावयाचे हे त्या सरकारी यादीतून निवडतात. आपल्याकडे शाळेच्या हाती पदार्थांची निवड जवळजवळ नाहीच. बाजरी-ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या जालन्याच्या मुलाला तांदूळच मिळतो. शाळेच्या हाती एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे संख्या. म्हणूनच ती बरोबर असणे अगत्याचे आहे.

संख्या कोठे चुकते?

सूत्रातील दिवस पंचांगात सापडतात व प्रमाण शासनाने ठरविलेले आहे. डळमळीत असते ती सरासरी उपस्थिती. ती मागील महिन्याची असते आणि भूक मात्र पुढील महिन्याची असते. ज्या गावात बारा महिने माणसे घरी असतात तेथे याने फारसे बिघडत नाही. परंतु परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी या आपल्या तालुक्यांतील कितीतरी वस्त्या दिवाळीनंतर निम्म्या रिकाम्या होतात. ऊसतोडीला जोडीने जावे लागते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. आई-बाप गेले की लेकरेही बैलगाडीत वा ट्रकमध्ये बसतात.

वरील शाळेचेच उदाहरण पुढे नेऊ. दिवाळीनंतर लहान गट ७० वरून ४५ वर आणि मोठा गट ४० वरून २५ वर आला, तर महिन्याला १९८ किलो तांदूळ पुरतो. मागणी जुन्याच आकड्यावर गेली तर ११४ किलो, म्हणजे दोन पोत्यांहून अधिक तांदूळ पडून राहतो व त्यात सोंडे होतात. हे नुकसान डोळ्यांना दिसते. उलट नुकसान दिसत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, वर्ग पुन्हा भरतात. पण मागणी आधीच्या महिन्याच्या ओस वर्गांवरून गेलेली असते. मग १९८ किलोंत ३१२ किलोंची भूक भागवावी लागते. शंभर ग्रॅमच्या जागी साधारण ६३ ग्रॅम वाट्याला येतात.

हे ६३ ग्रॅम मी खाल्ले आहेत. मी सहावीत होते. माझ्या बाकावरची मैत्रीण पाडव्यानंतर परत आली होती. तिच्या हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. पहिल्या दिवशी ती खिचडी घेऊन कितीतरी वेळ नुसती बसून राहिली आणि मग दुसऱ्यांदा मागायला उठली. त्या आठवड्यात पातेल्यात तांदूळ कमी व पाणी अधिक होते. खिचडी ताटात पसरत असे. पोरे हसून तिला 'कढी' म्हणू लागली. आई मात्र हसली नाही. ती रोज स्वयंपाकापूर्वी वर्गांबाहेरच्या चपला मोजत असे. कार्यालयातून आलेल्या चिठ्ठीवरचा आकडा आणि चपलांचा आकडा यांत त्या दिवसांत मोठे अंतर पडे. "लेकरं आधी येत्यात, तांदूळ मागून येतो," एवढेच ती म्हणाली. अखेर शेजारच्या वस्तीवरील शाळेतून दोन पोती उसनी आणली तेव्हा खिचडी पुन्हा घट्ट झाली.

याचा राग मी बरीच वर्षे मनात ठेवला होता. आज लेखासाठी आकडे मांडल्यावर लक्षात येते, की त्यात कोणी तांदूळ चोरला नव्हता. सर्वांनी सूत्राप्रमाणेच केले होते. सूत्रात माझ्या मैत्रिणीसाठी रकानाच नव्हता.

मी स्वतः त्या ट्रकमध्ये का नव्हते, हेही सांगितले पाहिजे. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात मी पहिलीत होते. आई-वडिलांनी उचल घेतली होती आणि धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी मला न्यायचे ठरले होते. आजी आडवी आली. "एका टायमाचं शाळेत भागतंय, एका टायमाचं मी घालीन," असे ती म्हणाली. म्हणजे आजीनेही हिशेबच केला होता. त्या एका वेळच्या अन्नावर माझी पहिली पार पडली. पुढे मी चौथीत असताना बचत गटातून आईला शाळेत काम मिळाले आणि आमचा कोयता सुटला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्या पायरीखाली शंभर ग्रॅम तांदूळ आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काय करता येईल?

नियम मुलांच्या बाजूचे आहेत. २०१५ च्या नियमांनुसार शाळेच्या दिवशी भोजन मिळाले नाही तर मुलांना अन्न सुरक्षा भत्ता देणे बंधनकारक आहे. धान्य तात्पुरते संपल्यास शाळेतील अन्य निधी वापरण्याची मुभा मुख्याध्यापकांना आहे. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी आठवीत होते. त्या वेळी आमच्या शाळेत शिल्लक तांदूळ आणि कडधान्ये पटावरील नावांप्रमाणे घरोघर वाटली गेली. तेव्हा हजेरी कोणी पाहिली नाही आणि एकही नाव सुटले नाही.

प्रश्न उरतो तो आगाऊ माहितीचा, आणि ती माहिती गावात असते. मुकादम दसऱ्यापूर्वीच उचल वाटतो. कोणत्या घरातून कोण जाणार हे त्याच्या वहीत भाद्रपदात लिहिलेले असते, आणि टोळी साधारण केव्हा परतेल हेही त्याला ठाऊक असते. जे मुकादमाला ठाऊक आहे ते शाळेला का ठाऊक नसावे? शाळा व्यवस्थापन समितीने भाद्रपदातच अशी यादी करावी. कोणते मूल आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकते, हे त्याच वेळी ठरवावे. फाल्गुनातील मागणीपत्रात पट आणि हजेरी यांच्या जोडीला 'परतणारी मुले' हा तिसरा आकडा धरावा. यासाठी नवा पैसा लागत नाही, एक कागद आणि चार घरांचा फेरा लागतो.

या कामी आपण विद्यार्थीही हातभार लावू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण गावचे रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर एक दिवस घरोघर जाऊन ही यादी करून मुख्याध्यापकांच्या हाती दिली तर? आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी हे सुचविले आहे आणि येत्या शिबिरात आमच्या गावापासून प्रारंभ करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी नावे द्यावीत.

मैत्रीण सातवीनंतर शाळेत आली नाही. तिचे लग्न झाले असून यंदा तिचाही कोयता आहे. तिची मुलगी अजून लहान आहे. दोन-तीन वर्षांत ती पहिलीत जाईल. ती पाडव्याला परत येईल तेव्हा तिच्या वाट्याचे शंभर ग्रॅम तिच्या आधी शाळेत पोहोचलेले असावेत, एवढीच इच्छा आहे.