ऐच्छिक विषय : भूगोल



दहावीची परीक्षा आटोपली की 'सुटलो एकदाचे भूगोलातून!' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. दहावीपर्यंत भूगोल सर्वांनाच असतो. अकरावीत मात्र तो ऐच्छिक होतो. मग 'राजधान्या, पिके व खनिजे पाठ करण्याचा विषय' म्हणून त्याला रजा दिली जाते. मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो. किंबहुना म्हणूनच मला हा समज चुकीचा वाटतो. भूगोल हा मोजण्याचा व कारणे शोधण्याचा विषय आहे. पटत नसेल तर धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळ असलेल्या जळकोटला चला. या एका गावात उभे राहून काय काय शिकता येते ते पाहू.

काठी आणि सावली

२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र समान असतात. त्या दिवशी पटांगणात १ मीटर उंचीची काठी ओळंब्याने अगदी उभी रोवा. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली सुमारे ३२ सेंटिमीटर भरेल. या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून काठी व सूर्यकिरण यांच्यातील कोन हाच त्या गावाचा अक्षांश. कागदावर १०० व ३२ या प्रमाणात काटकोन त्रिकोण काढून तो कोन मोजा. तो जवळजवळ १८ अंश येईल.

आता घड्याळ पाहा. ही सर्वांत आखूड सावली बाराला न पडता सव्वाबाराच्या सुमारास पडते. असे का? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. जळकोट सुमारे ७६.३ अंशांवर, म्हणजे त्याच्या ६.२ अंश पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून सूर्य तेथे सुमारे २५ मिनिटे उशिरा माथ्याकडे येतो. परंतु पृथ्वीचा कललेला आस व तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे या दिवसांत सूर्य घड्याळाच्या सात-आठ मिनिटे पुढे असतो. पंचविसातून ती वजा करा, उत्तर जुळेल. एका काठीने अक्षांश व रेखांश दोन्ही हाती आले!

पाऊस आणि विहीर

अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्री चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते, थंड होते आणि बाष्पाचे पाणी होते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तो यामुळे. घाट ओलांडून उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते व ढग विरळ होतात. धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटरच येतात, आणि तेही दरवर्षी नेमाने नव्हे.

पडलेले पाणी तरी कोठे मुरते? खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर आहेत. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी राहते ते भेगांत आणि झिजून भुसभुशीत झालेल्या थरांत. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी लागते आणि शेजाऱ्याचे बोअर कोरडे जाते. कर्ज काढून घेतलेले बोअर कोरडे गेले की त्या घरावर काय ओढवते, हे तेथील मुलांना वेगळे सांगायला नको. खडकांचे थर व उतार वाचता येणे ही तेथे चैन नव्हे, गरज आहे.

नकाशाही बदलतो

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट. चारच्या सुमारास जळकोटच्या ईशान्येला किल्लारी-सास्तूर परिसरात सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला. जड दगडमातीच्या भिंती व धाब्याची छपरे कोसळून झोपेतली हजारो माणसे गेली. १९८४ च्या भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला.

यातून काय घ्यायचे? नकाशा म्हणजे त्या वेळेपर्यंतच्या मोजमापांचा निष्कर्ष. नवी माहिती आली की तो बदलावा लागतो. जो विषय आपली चूक मान्य करून नकाशा पुन्हा काढतो, त्याला पाठांतराचा विषय कसे म्हणावे?

निवड करण्यापूर्वी

अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे जायचे असेल तर तेथे लागणारे विषय आधी पाहून घ्या. भूगोल केवळ कला शाखेसाठी असतो असे नाही. विज्ञान शाखेतही तो घेता येतो. मात्र आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात तशी सोय आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारा. भूजल, हवामान, उपग्रह-प्रतिमा, नकाशे या क्षेत्रांत गणित व भूगोल दोन्ही जाणणारी माणसे लागतात. पण 'सोपा आहे' म्हणून भूगोल घेऊ नका आणि 'उपयोग नाही' म्हणून सोडूही नका. आपल्या पायाखालच्या जमिनीविषयी प्रश्न पडत असतील तर अवश्य घ्या.

जाता जाता एक प्रश्न : २१ मार्चला हाच प्रयोग केला, तर सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या सुमारास पडते. सप्टेंबरहून पंधरा मिनिटे उशिरा का? विचार करा, आणि त्याआधी काठी रोवून खरेच तसे होते का, ते पाहा.