शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

प्रश्न : तलासरीला हायवेलगत माझं छोटं गॅरेज आहे. बॅटरीवरच्या स्कूटर आणि रिक्षा आता दुरुस्तीला येतात, पण त्या उघडायला मी धजत नाही. मुलगा बारावीला आहे. या कामाची पदवी मिळते असं ऐकतो. पण कॉलेजातल्या सरांनी जन्मभर इंजिन शिकवलं, ते हे कुठून शिकणार? आणि असा अभ्यासक्रम आपल्या डहाणू-तलासरीत निघू शकतो का?
— एक वाचक, तलासरी

उत्तर : मुलाच्या आधी सरांची चौकशी करणारं पत्र क्वचितच येतं. तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत.

आधी पदवीचं सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली बी.व्होक. या व्यावसायिक पदवीचे नियम काढले. पदवी तीन वर्षांची, पण त्या नियमांप्रमाणे वर्षभराने थांबलं तर पदविका आणि दोन वर्षांनी प्रगत पदविका हाती पडत असे. त्या नियमांत ६० टक्के भाग कौशल्याचा होता. शिवाय आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहेच.

सरांसाठीही वाटा आहेत. आयटीआयच्या निदेशकांना शिकवणारी केंद्र सरकारची संस्था मुंबईत शीव-चुनाभट्टीला आहे. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी भोपाळची राष्ट्रीय संस्था १९६५ पासून काम करते, महाराष्ट्र तिच्याच क्षेत्रात येतो. तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘अटल’ अकादमीची आठवडाभराची प्रशिक्षणं असतात आणि पुण्याची वाहनसंशोधन संस्था एआरएआयही असे वर्ग घेते. माझं मत स्पष्ट आहे : आठवड्याभराने माहिती होते, हात बसत नाही. डिझेल पंप खोलायला शिकताना या सरांनी उमेदीची वर्षं घातली आहेत. मोटर-कंट्रोलरसाठी निदान काही महिने चालू वर्कशॉपमध्ये, पगारी रजेवर, पाठवल्याशिवाय त्यांच्याकडून अभ्यासक्रम लिहून घेऊ नये.

कारण इथे जुनी सवय जिवावर बेतू शकते. १२ व्होल्टच्या बॅटरीला हात लागला तर काही होत नाही, त्यावरच सगळ्यांचा हात तयार झालेला. ई-स्कूटरचा पॅक साधारण ४८ ते ७२ व्होल्टचा असतो, मोटारीत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी खेळतो. किल्ली काढली तरी पॅकमधले सेल जिवंतच राहतात. म्हणून नव्या सरांनी पहिला धडा मीटरचा घ्यावा. चालू असल्याची खात्री असलेल्या बॅटरीवर मीटर लावायचा. मग गाडीचा पुरवठा तोडून, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबून गाडीवर लावायचा. शून्य दिसलं की पुन्हा पहिल्या बॅटरीवर. मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर ते शून्य खोटं असतं. हे तीन वेळा तपासणं सरांच्या अंगवळणी पडलं, तरच पोरांच्या पडेल.

आता डहाणू-तलासरीचं. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, कारखान्यांवर मर्यादा आहेत. त्यामुळे कारखान्यातल्या कामासाठी पोरं बोईसर, उंबरगाव, वापी गाठतात. दुरुस्तीचं काम मात्र गाडी जिथे फिरते तिथेच लागतं. म्हणून हा अभ्यासक्रम इथे निघावा असं मला मनापासून वाटतं.

महागड्या यंत्रांवाचून तो कसा चालेल, या शंकेचं उत्तर तुमच्या शेजारी कोसबाडच्या टेकडीवर आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची साधनं पाड्यापाड्यावर नेणं परवडणारं नव्हतं. तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. आणि मुलांबरोबर त्यांना शिकवणारी माणसंही तिथेच घडवली गेली.

सरांनी तसंच करावं. बंद पडलेल्या स्कूटरचं चाक टेबलावर ठेवावं. त्याच्या हब मोटरमधून साधारणपणे तीन जाड वायरी निघतात आणि पाच बारीक. जाड तीन ताकद नेतात. बारीक पाचांपैकी दोन सेन्सरना वीज पोचवतात, उरलेल्या तीन चाकाची जागा कंट्रोलरला कळवतात. सेन्सरना कंट्रोलरमधून वीज देऊन चाक हाताने हळू फिरवलं की त्या तिन्हींवर मीटर वर-खाली व्हायला हवा. एकीवर हलत नसेल तर गाडी झटके खात का निघते ते कळतं. भंगारातलं चाक, सेन्सर चालवण्यापुरती वीज देणारा कंट्रोलर आणि साधा मीटर, एवढ्यावर एक तास निघतो. धडा समजावताना वारली बोलीतला शब्द सुचला तर तोही खुशाल वापरावा. तलासरीतल्या कित्येक मुलांची घरची भाषा तीच आहे.

अभ्यासक्रम लिहिणाऱ्या सरांना तुमच्या गॅरेजची गरज आहे. आजपासून एक वही घाला. गाडी कोणती, तक्रार काय, पाऊस लागला होता का, किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत वायरींच्या टोकांना हिरवट थर आला होता का, चार्जर गरम होत होता का, हे मुलाच्या हातून लिहून घ्या. पावसाळा उलटला की ती वही जवळच्या आयटीआयत किंवा कॉलेजात नेऊन दाखवा. पॅक मात्र रीतसर शिकल्याशिवाय उघडू नका. आजवर धजला नाहीत, ते बरोबरच केलंत.